बुरेटवरचा आकडा
(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी 'नोकरीतील यश' असा विषय दिला होता. परंतु यशाबद्दल बोलावे असे आमच्याजवळ फारसे नाही. नोकरीचे पहिले वर्ष मात्र आम्हाला चांगले आठवते, आणि आपल्यापैकी बरीच मुले-मुली आज रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. करीत आहेत, म्हणून त्याच वर्षाबद्दल बोलतो.

राखीव जागेवरील तात्पुरत्या नेमणुकीचा आदेश हाती घेऊन आम्ही १९९० नंतरच्या काळात एका जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत सर्वांत खालच्या पायरीवरचे रसायनज्ञ म्हणून रुजू झालो. घरच्यांची समजूत अशी की, मुलगा आता पांढरा कोट घालून सूक्ष्मदर्शकात पाहत बसणार. प्रत्यक्षात पहिला दीड महिना आम्ही बाटल्या धुतल्या. क्रोमिक आम्लाचे थेंब उडून एकुलत्या एक चांगल्या पँटला भोके पडली, ती आईने रफू करून दिली. त्या वेळी हा अपमान वाटे. पुढे कळले की, फ्लास्कला आतून पुसटसे काही चिकटलेले राहिले तर सबंध गावाचा अहवाल खोटा होऊ शकतो.

हळूहळू कामे हाती आली. पाण्यातील क्षार, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट. नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेले तर ते पाणी तान्ह्या मुलांना घातक. फ्लोराइड दीड मिलिग्रॅमच्या वर गेले आणि तेच पाणी वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर दात आणि हाडे जातात. मिठातील आयोडीन ग्राहकाच्या घरी निदान १५ पीपीएम हवे. हळदीत मेटॅनिल यलो असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाने येणारा गुलाबी-जांभळा रंग पाणी घातले तरी टिकून राहतो. हे सारे पुस्तकात मिळेल. न मिळणारी गोष्ट ब्लीचिंग पावडरीची आहे. खात्यात तिला टीसीएल म्हणतात.

ग्रामपंचायती विहिरीत आणि टाकीत ही पावडर टाकतात. ताजी असताना तिच्यात सुमारे ३३ टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. पोते उघडे राहिले, ओल लागली, ऊन लागले की तो उडून जातो. पावडर मात्र पांढरीच दिसते आणि वासही थोडाफार येतो. २० टक्क्यांच्या खाली आली की ती पाण्यासाठी अयोग्य ठरवायची. पाच ग्रॅम पावडर खलात घोटून पाचशे मिलिलिटर करायचे, त्यातून पंचवीस मिलिलिटर घ्यायचे, पोटॅशियम आयोडाइड आणि असेटिक आम्ल घालायचे, आणि सुटलेल्या आयोडीनचे सोडियम थायोसल्फेटने टायट्रेशन करायचे. शेवटी स्टार्च घालून निळा रंग उडेपर्यंत. चांगल्या पावडरीला आमचे बुरेट तेवीसच्या पुढे उतरे. एका मोठ्या गावाच्या नमुन्याला ते पावणेआठवरच थांबले. म्हणजे ११ टक्के.

आम्ही तीनदा केले. तीनदा तेच आले.

दुपारपर्यंत बातमी फुटली. तालुक्याहून फोन आला की सगळा साठा परत करावा लागेल, प्रकरण वाढेल, 'वीस लिहून टाका.' आमच्याच कार्यालयातील एक गृहस्थ आम्हाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "कोट्यातून आलेत, टायट्रेशन कुठलं जमतंय!" खरे सांगतो, फोनपेक्षा ते वाक्य अधिक लागले. कारण नेमणूक तात्पुरती होती, घरात मिळवते आम्ही एकटेच होतो, आणि क्षणभर आमचाच आमच्या हातावरचा विश्वास उडाला.

मुख्य रसायनज्ञ आमच्या टेबलाशी आले. त्यांनी समजूत घातली नाही, पाठही थोपटली नाही. एवढेच विचारले, "पंचवीस मिलिलिटर काढण्यापूर्वी फ्लास्क हलवला होतात का?" प्रश्न रास्त होता. पावडरीचा गाळ खाली बसतो आणि वरवरचे पाणी घेतले तर आकडा खोटा कमी येतो. आम्ही दोनदा हलवला होता. पहिल्या वेळेचे आठवेना, आणि तसे आम्ही सांगून टाकले. त्यांनी स्टूल ओढले, थायोसल्फेटची नॉर्मलिटी पुन्हा तपासली आणि स्वतःच्या हाताने टायट्रेशन केले. उत्तर आमच्या उत्तराच्या अगदी जवळ आले. मग म्हणाले, "रजिस्टरमध्ये तुमचेच आकडे लिहा, चारही वाचने लिहा, आणि खाली आधी तुम्ही सही करा." अहवाल ११ टक्के असाच गेला.

हा आकडा एवढा मोठा का, ते सांगतो. हजार लिटर पाण्याला अडीच ग्रॅम चांगली पावडर टाकली तर लिटरमागे सुमारे ०.८ मिलिग्रॅम क्लोरीन मिळतो. तीच पावडर ११ टक्क्यांची असेल तर पाव मिलिग्रॅमच्या थोडे वर. तेवढा तर पाण्यातील घाणच खाऊन टाकते. नळाला निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवा, तो उरणार कुठून? आणि टाकीपासून सर्वांत दूरच्या नळाला तर सर्वांत कमी उरतो. आपल्याकडे सर्वांत दूरचा नळ बहुधा कोणत्या वस्तीत असतो, हे या सभागृहात सांगण्याची गरज नाही.

त्यानंतर पाण्याचे नमुने घेऊन येणाऱ्यांना आम्ही एक प्रश्न विचारू लागलो. फॉर्मवर 'सार्वजनिक नळ' एवढेच लिहिलेले असे. आम्ही विचारायचो, कोणता नळ? एकाने सरळ सांगितले, "साहेब, टाकीजवळचा. एस.टी. गाठायची असते, वस्तीपर्यंत कोण जाणार?" त्याचाही दोष म्हणवत नाही. पण वर्षानुवर्षे 'पिण्यास योग्य' असे शिक्के त्या गावाला मिळत होते, ते टाकीजवळच्या नळाचे होते. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि आपल्या माणसांनी ओंजळीने घेतले, तेव्हा ते 'शुद्ध' करण्यासाठी १०८ घागरींचा विधी झाला. शेण-गोमूत्र घातलेल्या त्या पाण्यात जंतू वाढलेच असतील, हे आमच्या प्रयोगशाळेतील शिपाईही सांगेल. आता पाणी बाटवल्याचे म्हणावेही लागत नाही. वस्तीचा नळ फक्त तपासायचा राहून जातो.

त्या गावाला नवी पोती पोहोचली, असे पत्र आले. मधल्या दिवसांत वस्तीत कोणाला जुलाब-वांत्या झाल्या का, ते आम्हाला कधीच कळले नाही. आमच्या रजिस्टरमध्ये तो रकाना नव्हता.

आता विद्यार्थ्यांसाठी थोडे कामाचे. २०१९ मध्ये जलजीवन मिशन सुरू झाल्यानंतर गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासण्याचे किट चालवायला शिकवण्याची योजना आली. आपल्या गावात ते किट कोणाकडे आहे, याची चौकशी करा. नमुना घ्यायचा तो शेवटच्या नळाचा घ्या. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. ती निर्जंतुक असते आणि तिच्यात क्लोरीन मारण्यासाठी थायोसल्फेट घातलेले असते, म्हणून ती विसळू नका. नळाचे तोंड ज्योतीने तापवा, पाणी थोडा वेळ वाहू द्या, बाटलीत वर थोडी जागा ठेवा, बर्फात घालून त्याच दिवशी पोहोचवा. आणि फॉर्मवर 'सार्वजनिक नळ' एवढ्यावर थांबू नका. कोणाच्या घरासमोरचा, कोणत्या गल्लीतला, ते सारे लिहा. जागा पुरली नाही तर मागच्या बाजूला लिहा.