दोन जिवांचे जेवण



घरात सून दोन जिवांची झाली, की सगळ्यांना आनंद होतो. पण ही गोड बातमी आपण बोलतो केव्हा? पाळी चुकली, तरी 'बघू पुढच्या महिन्यात' म्हणून थांबायचे, आणि तिसरा महिना सरला म्हणजे मग चारचौघांत सांगायचे, अशी आपली रीत. पोटातले बाळ मात्र या रीतीसाठी थांबत नाही. ते केव्हाच कामाला लागलेले असते.

गर्भ राहिल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याच्या पाठीच्या बाजूला एक पन्हळ पडते. तिच्या दोन्ही कडा वर येऊन एकमेकींना मिळतात, जशा आपण करंजीच्या कडा मिटवतो तशा, आणि तिची नळी होते. याच नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात. अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास ही नळी पुरती मिटते. हिशेब करून पाहा, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात! नळी खालून उघडी राहिली, तर मूल पाठीवर व्यंग घेऊन जन्मते, पुष्कळदा पाय लुळे पडतात. वरून उघडी राहिली, तर मूल जगत नाही.

नळी नीट मिटण्यासाठी जे जीवनसत्त्व लागते, त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली. 1928 साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी भयंकर रक्तक्षय होई, त्याचे कारण त्या शोधीत होत्या. दोष खाण्यात आहे, आणि यीस्टच्या अर्काने या बायका सुधारतात, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केले. पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून ते द्रव्य वेगळे काढले गेले. पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फॉलिक अॅसिड हे नाव पडले. ज्यांचे आधीचे मूल असे व्यंग घेऊन जन्मले होते, त्या बायकांनी दिवस राहण्याआधीपासून याची गोळी घेतली, तर पुन्हा तसे होण्याचा धोका जवळजवळ तीन-चतुर्थांशाने कमी होतो, हे 1991 साली सिद्ध झाले.

तेव्हा मूल हवे असे नवराबायकोने ठरविले, की निदान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिडची गोळी सुरू करावी आणि तिसरा महिना पुरा होईतो चालू ठेवावी. ज्यांचे आधीचे मूल व्यंग घेऊन आले असेल, त्यांना जास्त प्रमाण लागते. ते डॉक्टरांनाच विचारावे.

आता ताटाकडे वळू. मेथी, पालक, चवळई, शेवग्याचा पाला, मूग, मटकी, हरभरा, शेंगदाणे यांत हे जीवनसत्त्व असते. पण भाजी फार वेळ शिजविली आणि पाणी ओतून दिले, तर ते त्या पाण्याबरोबर जाते. म्हणून भाजी आधी धुवावी, मग चिरावी, थोड्या पाण्यात झाकून शिजवावी. जेवताना लिंबू पिळावे, म्हणजे भाजीतले लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर तेच लोह वाया जाते.

एखाद्या आजी म्हणतील, "अगं बाई, तिच्या पोटात पाणी ठरत नाही, ती खाणार काय?" खरे आहे. तिला एकदम ताटभर वाढू नका. सकाळी उठल्याबरोबर भाकरीचा कोरडा तुकडा किंवा मूठभर लाह्या द्या, मग दोन-दोन तासांनी थोडे थोडे. पहिल्या तीन महिन्यांत दुप्पट जेवण्याची गरज नसते; चौरस जेवणाची असते. मात्र पाणीही ठरेना, लघवी कमी झाली, तर दवाखाना गाठावा. माती, राख, खापरी खावीशी वाटली, तर हे डोहाळे म्हणून हसू नका. रक्त कमी असल्याची ती खूण असू शकते. आणि मिश्री, तंबाखू सोडलीच पाहिजे. त्याने मूल कमी वजनाचे होते.

'कमी खाल्ले म्हणजे मूल लहान राहते, बाळंतपण सोपे जाते,' असेही ऐकू येते. तसे करू नका. कमी वजनाच्या बाळाला पहिल्या दिवसापासून झगडावे लागते. बाराव्या आठवड्याच्या आत आरोग्य उपकेंद्रात नाव नोंदवा. चौथ्या महिन्यापासून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या गादीखाली ठेवू नका, पोटात जाऊ द्या.

गुरुजी, बाई, शाळेत आठवड्याला जी निळी गोळी मुलींना देता, तिच्यातही लोहाबरोबर हेच फॉलिक अॅसिड असते. ती का घ्यायची, हे मुलींना सांगा. उद्याच्या आया तुमच्या वर्गात बसल्या आहेत.

आणि पुरुषमंडळींना एकच विनंती. आपल्या घरात बाई सर्वांच्या शेवटी जेवते, तळाशी उरेल ते खाते. आज रात्री भाजी संपण्याआधी एक वाटी तिच्यासाठी बाजूला काढून ठेवा.