बऱ्हाणपूर : नगर आणि भोवतालची वस्ती



एखाद्या नगराची लोकसंख्या किती, असे विचारले की उत्तर एका आकड्यात मिळते. परंतु ते नगर कोठे संपते, हा प्रश्न अधिक अवघड आहे आणि तो सुटल्यावाचून पहिल्या उत्तराला पुरता अर्थ येत नाही. मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या सीमेलगत तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बऱ्हाणपूर हे याचे बोलके उदाहरण होय.

इसवी सन १४०० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी राजवटीत हे नगर वसले. त्याच सुमारास समोरच्या तीरावर जैनाबाद उभे राहिले. १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे मुख्य ठाणे बनले. सैनिक, व्यापारी व विणकर यांची गर्दी झाली आणि नगराभोवती पुरे वसत गेले. १६८१ च्या आरंभी संभाजी महाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटले असे सांगितले जाते. परंतु ती लूट मुख्यतः बहादुरपुरा व इतर बाहेरच्या पुऱ्यांची होती. नगराची संपत्ती त्या काळीदेखील वेशीच्या आत मावत नव्हती, आणि संकटाचा पहिला घावही वेशीबाहेर राहणाऱ्यांवरच पडला.

लोकसंख्या नेहमी वाढतच जाते, असेही नव्हे. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळाने खानदेश होरपळला. पुढे दक्षिणेच्या कारभाराचे केंद्र औरंगाबादेकडे सरकले. इंग्रजी अमदानीत निमाड जिल्ह्याचे मुख्यालय खांडव्यास गेले. १९०१ च्या जनगणनेत बऱ्हाणपुरात अवघी ३३,३४१ माणसे नोंदली गेली.

यानंतरच्या वाढीचा मार्ग लक्षात घेण्याजोगा आहे. लोहमार्ग आला, परंतु स्थानक जुन्या नगरापासून दूर लालबागेकडे झाले. १९०६ मध्ये तापी मिलची स्थापना झाली, तीही त्याच बाजूस. स्वातंत्र्यानंतर खांडव्याच्या वाटेवर वृत्तपत्रीय कागदाचा कारखाना निघाला. १९५६ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते तो राष्ट्रास अर्पण झाला आणि नेपानगर ही नवी वसाहत नावारूपास आली. नगरात हातमागाची जागा यंत्रमागांनी घेतली. शहापूर, इच्छापूर आणि सीमेपलीकडील रावेरच्या पट्ट्यात केळीच्या बागा फोफावल्या. रोजगार जेथे गेला तेथे माणूस गेला. रोजगार आटला की वस्तीलाही ओहोटी लागते, हे नेपानगरने अनुभवले. तेथील कामगारांची संख्या पुष्कळ घटली आणि २०११ मध्ये त्या गावाची लोकसंख्या तीस हजारांच्या आतच राहिली.

१५ ऑगस्ट २००३ रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. २००१ मध्ये या क्षेत्राची लोकसंख्या ६,३४,८८३ होती. २०११ मध्ये ती ७,५७,८४७ झाली. म्हणजे दहा वर्षांत सुमारे १९ टक्के वाढ झाली. त्याच अवधीत बऱ्हाणपूर नगर सुमारे १ लाख ९४ हजारांवरून २ लाख ११ हजारांच्या आसपास गेले. ही वाढ नऊ टक्क्यांच्या जवळपास भरते. नगरापेक्षा त्याचा जिल्हा दुप्पट वेगाने वाढला.

यावरून नगर थांबले असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. जिल्ह्याच्या वाढीत खेड्यांतील जन्मांचा वाटा आहेच. परंतु नगराच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत यंत्रमागावर काम करणारा, बाजारात हमाली करणारा, कचेरीत नोकरी करणारा माणूस राहतो. त्याची मिळकत नगरातील. त्याचे घर, त्याच्या मुलांची शाळा व त्याचा नळ मात्र ग्रामपंचायतीकडील. जनगणनेत तो ग्रामीण ठरतो आणि नगराचा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या उत्पन्नावर पडतो.

जनगणनेने यासाठी एक कसोटी ठरविली आहे. किमान ५,००० लोकवस्ती, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसांची दाटी आणि किमान ७५ टक्के पुरुष कामगार शेतीबाहेरील व्यवसायात, अशा गावास ‘जनगणना नगर’ म्हणतात. देशात अशी गावे २००१ मध्ये १,३६२ होती. २०११ मध्ये ती ३,८९४ झाली. कारभाराने खेडे आणि व्यवहाराने शहर, अशी ही गावे होत.

नगर आणि परिसर यांचे नाते बऱ्हाणपुरास नवे नाही. १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखानाच्या काळात, तेथे कुंडी भंडाऱ्याची योजना झाली. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीकडे झिरपणारे पाणी जमिनीखालील भुयारात अडवून, केवळ उताराच्या बळावर, नगरापर्यंत आणले गेले. त्या भुयारावर ओळीने शंभरावर कुंड्या आहेत. नगराची तहान नगराबाहेरील भूमीने भागविली. आज त्याच भूमीवर घरे उठतात, विंधनविहिरी खोल जातात. बाहेरची जमीन पाणी मुरू देईनाशी झाली, तर आतील नळही कोरडे पडतील.

उपाय कायद्यात आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समितीची तरतूद केली. पंचायती व नगरपालिका यांच्या योजना एकत्र जुळवाव्यात, पाणी व जमीन यांचा विचार सामाईकपणे करावा, हाच तिचा हेतू. समितीसमोर कडेच्या वस्त्यांची खरी माहिती आली, तरच तो सफल होईल.

२०२१ ची जनगणना लांबली. आगामी जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरली आहे. प्रगणकाचे काम बहुधा शिक्षकांकडे येते. वेशीवरील नवी आळी, भाड्याची खोली, हंगामी मजुराची झोपडी त्यांच्या नोंदीतून निसटू नये. ग्रामस्थांनीही माहिती बिनचूक द्यावी. जो मोजला गेला नाही, त्याच्यासाठी शाळेत बाक ठेवला जात नाही आणि नळाला पाणीही सोडले जात नाही. चार शतकांपूर्वी पाण्याची योजना आखणाऱ्यांनी आपली दृष्टी वेशीपाशी थांबविली नाही. लोकसंख्येची योजना आखणाऱ्यांनीही ती थांबवू नये.