परवलीचा शब्द आणि घड्याळ

पूर्वी गडाचा दरवाजा रात्री बंद झाला, की येणाऱ्याला पहारेकरी परवल विचारीत. शब्द बरोबर असला तर दिंडी उघडे. नाहीतर माणूस बाहेर. आणि ही परवल बदलत ठेवावी लागे, कारण काल ती कुणी आडोशाला उभं राहून ऐकली असली, तर? आज आपण ज्याला ओ.टी.पी. म्हणतो, तो या परवलीचाच नातू. एकदा वापरला, की संपला.

आता एक अनुभव सांगतो. केज तालुक्यातल्या एका शाळेत छोटा सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे सगळ्यांची कागदपत्रं सांभाळणारा संगणक. शाळेचं कपाटच म्हणा ना! त्याला दोन कुलुपं. एक नेहमीचा पासवर्ड, आणि दुसरं, मोबाइलवर दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी अंक. हे दुसरं कुलूप सांभाळायला सर्व्हरवर एक पॅकेज बसवलेलं असतं.

दिवाळी नुकतीच झालेली. ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या होत्या. एक जोडपं सातवीतल्या मुलीचा दाखला न्यायला आलं. मुकादमाचा ट्रॅक्टर संध्याकाळी निघायचा होता, आणि कारखान्याजवळच्या शाळेत पोरीला बसवायचं होतं. कारकुनांनी आपल्या टेबलावरून अंक टाकला. सर्व्हर म्हणाला, चूक. पुन्हा टाकला. पुन्हा चूक! मुलीचे वडील म्हणाले, "गुरुजी, जरा बघा की. गाडी थांबायची नाही."

कारकून वैतागले. मी दुसऱ्या कामाला तिथं गेलो होतो. मला म्हणाले, "साहेब, हे दुसरं कुलूपच काढून टाका." काढता आलं असतं. ते कुलूप बाहेरून येणाऱ्यांसाठी होतं. खुद्द सर्व्हरपाशी बसलं, की नुसत्या पासवर्डावर आत जाता येत होतं. पण कुलूप काढलं, की शेकडो मुलांचे गुण आणि दाखले एका पासवर्डाच्या भरवशावर राहणार!

सर्व्हरपाशी बसून आधी घड्याळ पाहिलं. त्यात चक्क काही वर्षांपूर्वीची तारीख! पहाटे वीज गेली होती, आतला बटणाएवढा सेल संपला होता, आणि इंटरनेट बंद असल्यामुळे सर्व्हरला वेळ विचारायला कोणी नव्हतं.

घड्याळाचा नि अंकाचा संबंध काय? तर असा. हे कुलूप बसवताना मोबाइल आणि सर्व्हर या दोघांना एकच गुप्त बीज दिलेलं असतं. त्या बीजात त्या क्षणाची वेळ मिसळून दोघंही आपापल्या जागी अंक काढतात. एकमेकांना काही कळवीत नाहीत. वेळ एक, तर अंक एक. वेळ चुकली, तर अंक चुकला. ही रीत २०११ साली प्रसिद्ध झाली.

त्याहून जुनी युक्ती लेस्ली लॅम्पोर्ट या शास्त्रज्ञाने १९८१ साली मांडली. तिचं मर्म आपल्या जात्यात आहे. ज्वारीचं पीठ होतं, पिठाची ज्वारी होत नाही. तसं उलट न फिरणारं गणित घेऊन एक गुप्त शब्द समजा शंभर वेळा दळायचा. शंभरावं पीठ सर्व्हरकडे ठेवायचं. आपण नव्याण्णवावं द्यायचं. सर्व्हर ते एकदा दळून ताडून पाहतो. पुढच्या खेपेला अठ्ठ्याण्णवावं. चोराने आजचं पीठ पाहिलं, तरी उद्याचं त्याला काढता येत नाही.

असो. घड्याळ लावलं, आणि अंक पटला. पण तोवर मुख्याध्यापकांनी जनरल रजिस्टर काढून दाखला हाताने लिहून, सही-शिक्का करून दिलाही होता. पोरगी ट्रॅक्टरवर चढली ती दाखला घेऊनच.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्या शाळेत असं पॅकेज असेल, तर सर्व्हरचं घड्याळ आपोआप जुळण्याची सोय ठेवा. मोबाइल हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून असं पॅकेज बहुधा काही राखीव अंक देतं. ते कागदावर उतरवून, पाकीट बंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. वापरलेला अंक खोडा. बीज, म्हणजे तो चौकोनी नक्षीचा कोड, कुणाला फोटो काढून पाठवू नका. माणसाची बदली झाली, की त्याचं बीज त्याच दिवशी रद्द करा. आणि पॅकेजात बदल करताना एक दार उघडं ठेवूनच दुसऱ्या दाराने येऊन पाहा. नाहीतर आपणच बाहेर राहू.

बाकी मंडळींना एवढंच सांगणं, की फोनवर आलेला अंक कुणी बँकेचा साहेब म्हणून मागितला, तरी सांगू नये. फसगत झालीच, तर लाजत न बसता लगेच १९३० या क्रमांकावर कळवावं. परवल पहारेकऱ्याला सांगायची असते, वाटसरूला नव्हे.