भुवईला मार लागला, तर नजरही तपासा

मी ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासायचं काम करते. मोतीबिंदूबद्दल आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललो. आज जे सांगणार आहे ते दुखणं वरून दिसतच नाही.

बचत गटातलीच एक बाई. नाव सांगत नाही. मिटिंग आटोपून दिराच्या मोटरसायकलवर मागे, एका बाजूला पाय सोडून बसली होती. गतिरोधक दिसला नाही, गाडी उडाली, ही कपाळावर आपटली. उजव्या भुवईला चार टाके पडले. डोक्याचा सीटी स्कॅन केला, मेंदूत रक्तस्राव नाही म्हणाले, आणि सगळे निर्धास्त झाले. पापणी सुजून डोळा मिटलेला, त्यामुळे नजरेचं कुणी विचारलंच नाही. तिसऱ्या आठवड्यात सुईत दोरा ओवताना तिनं डावा डोळा मिटला, तर पुढे नुसता धूर.

माझ्याकडे आली तेव्हा डोळा वरून अगदी स्वच्छ होता. लाली नाही, पाणी नाही. मग बिघडलं काय?

डोळ्यामागून मेंदूकडे एक नस जाते. लांबी साधारण 5 सेंटिमीटर, पण तिच्यात 10 लाखांच्या आसपास बारीक तंतू असतात. घरातला बल्ब चांगला आहे, पण भिंतीतली वायर तुटली, तर उजेड पडेल का? तसंच हे. ही नस कवटीच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून जाते. भुवईवर जोराचा मार बसला की तो हाडातून त्या बोगद्यापर्यंत पोचतो. नस दुखावते, सुजते, आणि सुजायला तिथं जागा नसते. म्हणून जखम भुवईला आणि अंधार डोळ्याला. भुवईची जखम लहान असली तरी हे होऊ शकतं.

तेव्हा डोक्याला, भुवईला मार लागलेलं माणूस शुद्धीवर आलं की एक करा. डोळा दाबू नका, हात नुसता आडवा धरा आणि एकेका डोळ्यानं बघायला सांगा. समोर किती बोटं? भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे दिसतात का? लाल बांगडी दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते, की एकाला फिकी? फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवतात. नस दुखावलेल्या डोळ्यावर टॉर्च आला की बाहुली आकसण्याऐवजी मोठी होते. पापणी सुजलेली असली तरी ती अलगद उचलून हे बघता येतं. तुम्ही विचारायला मात्र हवं.

आणि डोळा पुढे आला, दगडासारखा टणक झाला, ठणका लागला, तर 108 ला फोन करा. आत रक्त साचून नस दाबली जात असते. तिथं एकेक तास मोलाचा. एरंडेल, मध, दूध, काही घालत बसू नका.

औषधाचं खरं सांगते. तुटलेले तंतू पुन्हा जोडता येत नाहीत. काहींची नजर पहिल्या काही आठवड्यांत आपोआप थोडीफार परत येते, काहींची येत नाही. पूर्वी स्टिरॉइडचे मोठे डोस सर्रास देत. पण डोक्याला मार लागलेल्या 10,000 रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला, त्यात स्टिरॉइड दिलेल्यांत मृत्यू जास्त दिसले. म्हणून 'ताकदीचं इंजेक्शन द्याच' असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. नस मोकळी करायची शस्त्रक्रिया ठरावीक रुग्णांनाच करतात, आणि तीही हमखास नाही.

त्या बाईची नजर परतली नाही. सुरुवातीला चहा कपाबाहेर सांडायचा, पायरी चुकायची, कारण एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. आता ती किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवून ओतते. रस्ता ओलांडताना मान पूर्ण उजवीकडे वळवते. उरलेल्या डोळ्याला जपायला न फुटणाऱ्या काचेचा चष्मा दिलाय. मळणी असो की सरपण फोडणं, तो लावल्याशिवाय ती कामाला हात घालत नाही.

दिरानं दुसरं हेल्मेट आणलंय. मागच्या माणसालाही हेल्मेट हवं, हे कायद्यातच आहे. अंबाड्यावर ते बसत नाही अशी तिची तक्रार असते. वेणी घाल म्हटलं.