प्रक्षेपकातील चुकार प्रकाश



औराद, भालकी, आळंद या सीमाभागातील मराठी शाळेत पडद्यावरची काळी अक्षरे करडी दिसली, तर मागच्या बाकावरील मूल वाचनास मुकते.

१९८७ मध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी शोधलेल्या चिपवर असंख्य सूक्ष्म आरसे असतात. ते सामान्यतः १२ अंश कलतात. वरची संरक्षक काच मात्र स्थिर असते. लेप नसल्यास तिचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. तो भिंगात शिरला की काळेपणा फिका पडतो. म्हणून प्रकाश २४ अंशांतून सोडतात. काचेचे प्रतिबिंब तितकेच दूर जाते. शलाका अरुंद ठेवून, काचेवर परावर्तनरोधक लेप देऊन उरलेला प्रकाश काळ्या शोषकात जिरवतात.

खरेदीपूर्वी अधिकाऱ्यांनी व शिक्षकांनी खोलीत अंधार करून दोन यंत्रांवर संपूर्ण काळे चित्र पाहावे. ज्याचा काळा रंग अधिक गडद, ते यंत्र मुलांच्या हिताचे.