मनाच्या उपचारांचे मोजमाप



धान्याला तराजू आहे, दुधाला माप आहे, तापाला थर्मामीटर आहे. परंतु मनाच्या दुखण्यावर जे उपचार होतात ते चांगले की वाईट, हे कशाने मोजावे? ज्या घरात असे दुखणे आहे, त्या घराला हा प्रश्न रोजच्या भाकरीइतका निकटचा असतो.

प्रारंभ तपासणीपासून करू. उदासीनतेचा विकार हेरण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली जगभर वापरली जाते. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली का, अन्नावर वासना होती का, जगणे नकोसे झाले का, असे ते प्रश्न. प्रत्येकाला ० ते ३ गुण. १० वा अधिक गुण झाले की पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पारखणीत तिने ८८ टक्के विकारग्रस्तांना अचूक हेरले आणि ८८ टक्के निरोगी माणसांना निरोगी ठरविले.

ऐकायला हे उत्तम वाटते. आता फळ्यावर गणित मांडू. हजार माणसांत शंभर विकारग्रस्त आहेत असे धरा. त्यांतील ८८ सापडतील, १२ निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी माणसांपैकी १०८ जणही विकारग्रस्तांच्या यादीत जातील. म्हणजे यादीतील १९६ जणांत निम्म्याहून अधिक निरोगीच! यात चाळणीचा दोष नाही. चाळणीलाच निदान समजणे हा दोष होय. शिवाय प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, हेही पाहावे लागते. आपल्या वडोदऱ्यातील मराठी घरातली आजी ‘मी उदासीन आहे’ असे कधी म्हणणार नाही. ‘जिवाला करमत नाही’ एवढेच म्हणेल. ते ज्या प्रश्नावलीला ऐकू येत नाही, तिचे गुण कशाचे?

तेव्हा ‘इतक्या हजारांची तपासणी झाली’ या आकड्याने हुरळून जाऊ नये. त्यांतील किती जणांना वैद्य भेटला, किती जणांचे उपचार टिकले, सहा महिन्यांनी किती जण पुन्हा कामाला लागले, हे विचारावे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बारा राज्यांची पाहणी झाली. त्यांत गुजरातही होते. प्रौढांपैकी १०.६ टक्क्यांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते.

मग जे उपचारांपर्यंत पोहोचले, त्यांचे काय? याचा एक लक्षणीय प्रयोग गुजरातेतच झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ साली दर्जा आणि हक्क यांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली होती. राहणीमान, आरोग्यसेवा, स्वतःचा निर्णय घेण्याची मुभा, छळापासून संरक्षण आणि समाजात राहण्याची संधी, असे तिचे पाच भाग. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या अभ्यासकांच्या पुढाकाराने ती गुजरातच्या सरकारी केंद्रांना लावण्यात आली. सहा ठिकाणी सुधारणेचा कार्यक्रम राबविला. तीन ठिकाणे तुलनेसाठी ठेवली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार कार्यक्रम झालेल्या ठिकाणी सेवेचा दर्जा उंचावला, कर्मचाऱ्यांची रुग्णांकडे पाहण्याची दृष्टी सुधारली, आणि रुग्णांचे समाधानही वाढले.

या प्रयोगाचे मर्म असे की, मोजणाऱ्यांनी केवळ खाटा आणि गोळ्या मोजल्या नाहीत. ते रुग्णाशी आणि त्याच्या नातलगांशी बोलले. वेड्याच्या बोलण्याला पुरावा कोण मानतो, अशी आपली जुनी रीत. ती येथे मोडली गेली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही रुग्णाला साखळदंडाने बांधण्यास मनाई केली आहे, आणि स्वतःची वैद्यकीय नोंद मागण्याचा हक्क त्याला दिला आहे.

करेलीबागेतील मानसिक आरोग्य रुग्णालयात असो वा एखाद्या खासगी दवाखान्यात, आपले माणूस उपचारांसाठी नेताना तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात: उपचार काय आहेत हे त्याला त्याच्या भाषेत समजावून सांगितले का, त्याची तक्रार कोणी लिहून घेतली का, आणि तो येईनासा झाला, तर त्याची चौकशी करणारे कोणी आहे का. यांची उत्तरे रुग्णालयाच्या अहवालात सापडतीलच असे नाही. ती रुग्णालाच विचारावी लागतात, आणि तो सांगेपर्यंत थांबावे लागते.