सोन्याची तार आणि जेंटामायसिन



साखर मोजणं आपल्या जिल्ह्याला काही नवं नाही. कारखान्यात रसाचा ब्रिक्स बघतात, घरी बोटाला सुई टोचून रक्तातली साखर. आता तर काहींच्या दंडावर चकती दिसते. ती दर काही मिनिटांनी आकडा मोबाइलवर धाडते. मग रक्तातलं औषध असंच सतत का मोजू नये?

चकतीत साखरेवर प्रक्रिया करणारं विकर असतं, ग्लुकोज ऑक्सिडेज. बहुतेक औषधांसाठी असं सोयीचं विकर मिळत नाही. घोडं तिथंच अडतं.

जेंटामायसिन या प्रतिजैविकाचंच घ्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गावातल्या बायकांना नवजात बाळाचा जंतुसंसर्ग ओळखून हे इंजेक्शन द्यायला शिकवलं. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी भरले; १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पण हे औषध नाजूक. कमी पडलं तर जंतू तगतात, जास्त झालं तर मूत्रपिंडाला आणि कानाला धोका. पातळी बघायची तर रक्त काढा, प्रयोगशाळेत पाठवा, वाट बघा.

कॅलिफोर्नियातल्या सांता बार्बरा विद्यापीठात केव्हिन प्लॅक्सको यांच्या गटानं वेगळी वाट काढली. बारीक सोन्याच्या तारेवर डीएनएचे धागे गंधकाच्या बंधानं बसवायचे. हा डीएनए कुणाच्या अंगातला नव्हे. यंत्रात जुळवलेला, औषधाचा रेणू नेमका ओळखणारा. धाग्याच्या मोकळ्या टोकाला मिथिलीन ब्लू हा रंग. औषध भेटलं की लाजाळूच्या पानासारखा धागा मिटतो, टोकावरचा रंग सोन्याजवळ येतो आणि विजेचा प्रवाह बदलतो. औषध निघून गेलं की धागा पुन्हा मोकळा. औषध खर्ची पडत नाही, म्हणून मोजणी चालूच राहते. २०१७ साली त्यांनी हिंडत्याफिरत्या उंदरांच्या रक्तात जेंटामायसिनसह चार औषधं काही सेकंदांच्या अंतरानं मोजून दाखवली.

मात्र रक्त म्हणजे काही स्वच्छ पाणी नव्हे. त्यातली प्रथिनं तारेवर बसतात, धागे सुटतात, आकडा हळूहळू सरकतो. काही तास ठीक, आठवडे नाहीत. शिरेत तार ठेवणं हे काही खेड्यातल्या घरात करायचं काम नव्हे. म्हणून मला वाटतं, माणसांवरच्या चाचण्या पार पडल्या तर ही तार आधी नवजात अतिदक्षता विभागात यावी. तिथं एकेका बाळाचं मूत्रपिंड तासातासाला वेगळं वागतं. गावात मात्र बाळाचं वजन नीट करून ठरवलेला डोसच अजून भरवशाचा. त्यासाठी बिनचूक काटा लागतो, आणि तो आज मिळतो.